पीसी चालू केला की नको ते प्रोग्राम आपोआप उघडतात, कायमचे बंद कसे करायचे?

सेवाकेंद्र_सातारा:

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. काउंटरवरचा पीसी जुना, आय थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क, विंडोज १०. सकाळी चालू केला की डेस्कटॉप तसा लवकर दिसतो पण खरा त्रास तिथून पुढे. ब्राउझरवर क्लिक करा, काही नाही, परत क्लिक करा, काही नाही, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एकेक आयकॉन येत राहतात. ऑनलाइन मीटिंगचं अ‍ॅप उघडून लॉगिन मागतं, ते लॉकडाउनमध्ये पोराच्या शाळेसाठी टाकलेलं. मग गाण्यांचं अ‍ॅप. मग पीडीएफवाल्याचा अपडेटर. आणि शेवटी ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारा एक प्रोग्राम स्क्रीनच्या मधोमध येतो आणि लाल अक्षरात सांगतो की तुमच्या पीसीत एवढे प्रॉब्लेम सापडले, पैसे भरा. हा मी टाकलेलाच नाही, कशाबरोबर तरी आलाय.

सध्या दाखल्यांचा सीझन आहे, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाइल, पोरं आणि त्यांचे आईवडील सकाळपासून रांगेत असतात, काही जण वाडीवस्तीवरून पहिल्या एसटीने आलेले, आणि त्यांच्यासमोर मी एकेक खिडकी फुली मारून बंद करत बसतो. खूप वाईट वाटतं.

एका ओळखीच्याने सांगितलं एमएसकॉन्फिगमध्ये, म्हणजे विंडोज चालू होताना काय काय उठतं त्याच्या सेटिंगच्या खिडकीत, जा आणि सगळ्या टिका काढून टाक. पण आधारचं फिंगरप्रिंट मशीन, प्रिंटर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर यातलं काही बंद पडलं तर माझा अख्खा दिवस जाईल. तर नक्की काय बंद करायचं आणि काय राहू द्यायचं, जरा नीट सांगा कोणीतरी.

---

रात्रपाळी_सपोर्ट:

भाऊ, सगळ्या टिका अजिबात काढू नका. एमएसकॉन्फिगमधली स्टार्टअपची यादी विंडोज ७ पर्यंत होती, विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ पासून ती टास्क मॅनेजरमध्ये गेली, आता त्या टॅबवर नुसती टास्क मॅनेजरची लिंक दिसते. पण शेजारचा सर्व्हिसेसचा टॅब अजून चालू आहे आणि तुमच्या ओळखीच्यांचा सल्ला तिथे पाळलात तर आवाज, नेट, प्रिंटर काहीही जाऊ शकतं.

तुम्ही असं करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खाली मोअर डीटेल्सवर क्लिक करा, मग वर स्टार्टअप टॅब. जे नको त्यावर राइट क्लिक, डिसेबल. एवढंच. यात प्रोग्राम उडत नाही, फक्त आपोआप चालू व्हायचा थांबतो, तुम्ही आयकॉनवर डबल क्लिक केलं की आधीसारखाच उघडतो. आणि गडबड झाली तर तिथेच परत इनेबल करता येतं, म्हणून या यादीला घाबरायचं कारण नाही. हीच यादी सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स आणि मग स्टार्टअप इथेही आहे, बटणं सरकवायची असतात, ज्यांना टास्क मॅनेजर नको वाटतो त्यांनी तिथून करा.

यादीत स्टार्टअप इम्पॅक्ट म्हणून कॉलम आहे, हाय, मीडियम, लो. हाय म्हणजे त्या प्रोग्रामने चालू होताना प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचलं-लिहिलं. ३ एमबी म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही, त्यामुळे हाय दिसलं म्हणून लगेच व्हिलन समजू नका आणि लो दिसलं म्हणून सोडूनही देऊ नका. मी तो कॉलम फक्त कुठून सुरुवात करायची ते बघायला वापरतो.

ठरवताना प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा, मी हात लावायच्या आधीपासून हे चालू असायलाच हवं का? "उपयोगी आहे का" असा प्रश्न विचारलात तर सगळंच उपयोगी वाटतं आणि यादी होती तशीच राहते. गाण्यांचं अ‍ॅप, मीटिंगचं अ‍ॅप, पीडीएफचा अपडेटर, टॉरेंट, गेमचा लाँचर, प्रिंटरची शाई मोजणारी खिडकी, यातलं काहीच आधीपासून लागत नाही. प्रिंट मारायला प्रिंट स्पूलर नावाची सर्व्हिस, म्हणजे खिडकी न दाखवता मागे चालणारा प्रोग्राम, लागते, ती या यादीत येतच नाही, ती वेगळीकडे असते आणि तिला कोणी हात लावायचा नाही.

राहू द्यायचं ते असं: विंडोज सिक्युरिटीचा नोटिफिकेशन आयकॉन, वेगळा अँटिव्हायरस असेल तर तो, लॅपटॉप असेल तर टचपॅडचं जे काही असेल ते, आणि तुमच्या केसमध्ये मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. ते आधीपासून बसलेलं नसेल तर गिऱ्हाईक समोर असताना कीबोर्ड इंग्रजीतच चालेल. हां, पण तुमचं सगळं काम युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही पीसीवर आणि वेबसाइटवर तसंच दिसणाऱ्या मराठीत, असेल तर विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच दिलाय, तो भाषेच्या सेटिंगमधून जोडला की वेगळं सॉफ्टवेअर लागतच नाही. जुन्या फॉन्टमध्ये लग्नपत्रिका, बॅनर करत असाल तर मात्र ते ठेवावंच लागणार.

ब्राउझरचं वेगळं बघा. क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टीम म्हणून भाग आहे, तिथे क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवा अशा अर्थाचं बटण आहे, ते बंद करा. एजमध्ये सिस्टीम अँड परफॉर्मन्सच्या भागात तसंच एक आहे आणि स्टार्टअप बूस्ट म्हणून अजून एक. ४ जीबी रॅममध्ये ही दोन्ही बंद असलेली बरी.

---

पुणे_हार्डवेअर:

वरचं सगळं बरोबर आहे पण मुळातला रोग साधी हार्डडिस्क हा आहे हे कोणीतरी सांगायला पाहिजे. टास्क मॅनेजर उघडलाच आहे तर प्रोसेसेसमध्ये डिस्कचा कॉलम बघा, चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं १०० टक्के दिसेल. हार्डडिस्कमध्ये चकती फिरते आणि एकच सुई एका वेळी एका जागी जाऊन वाचते, त्यामुळे दहा प्रोग्राम एकदम मागायला लागले की ती नुसती इकडून तिकडे पळत राहते आणि कोणाचंच काम होत नाही. तुमचं ब्राउझरवरचं क्लिक त्या रांगेत शेवटी उभं आहे. एसएसडी म्हणजे चकतीऐवजी चिपवाली डिस्क, तिच्यात सुईच नाही त्यामुळे ही पळापळच नाही.

२५६ जीबीची साटा एसएसडी टाका, विंडोज तिच्यावर घ्या, जुनी डिस्क डेटाला ठेवा. परवडलं तर रॅम ८ करा. स्टार्टअपमध्ये काटछाट करून जे मिळेल त्यापेक्षा कितीतरी जास्त यात मिळेल.

---

रात्रपाळी_सपोर्ट:

एसएसडी टाकाच, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण क्रम उलटा नको. आत्ता सीझन चालू आहे, दुकान बंद ठेवून विंडोज हलवायची ही वेळ नव्हे, आणि स्टार्टअप साफ करायला पैसे लागत नाहीत. शिवाय एसएसडी टाकून तो ड्रायव्हरवाला प्रोग्राम जात नाही, फक्त लाल अक्षरं लवकर येतात, आणि रांगेतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं की दुकानदाराचा पीसी खरंच बिघडलाय.

---

सेवाकेंद्र_सातारा:

दोघांचेही आभार. काल रात्री दुकान बंद करताना बसलो आणि मीटिंगचं, गाण्यांचं, पीडीएफचा अपडेटर, प्रिंटरची शाईवाली खिडकी, सगळं डिसेबल केलं. आज सकाळी फरक जाणवला, ब्राउझर पहिल्या क्लिकला उघडला. एसएसडी गणपतीच्या आधी टाकेन म्हणतो.

पण तीन गोष्टी अडल्यात. एक, ड्रायव्हरवाला डिसेबल केला होता तरी आज परत आला, यादीत बघितलं तर डिसेबल्डच दिसतोय. दोन, यादीत नुसतं प्रोग्राम एवढंच नाव असलेली एक ओळ आहे, आयकॉन कोरा, कंपनीचं नाव नाही, हे काय असतं? तीन, मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट अशी एक ओळ आहे, मायक्रोसॉफ्टचं आहे म्हणून मी हात लावला नाही. बरोबर केलं ना?

---

कोथरूड_कोडर:

तिसरं आधी घेतो कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. दादा, तुमच्या दुकानात लोकांचे पेनड्राइव्ह लागतात ना? आणि कधी पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले दिसलेत? मग ही ओळ शंभर टक्के तपासायची. स्क्रिप्ट होस्ट स्वतः मायक्रोसॉफ्टचाच आहे, पण तो फक्त चालवणारा आहे, तो चालवतोय काय ते त्या नावात दिसत नाही. शॉर्टकट व्हायरस नेमका याच आडून बसतो.

बघायचं कसं, तर स्टार्टअप टॅबमध्ये कॉलमच्या नावांवर म्हणजे जिथे पब्लिशर, स्टेटस लिहिलंय त्या पट्टीवर राइट क्लिक करा आणि कमांड लाइनवर टिक करा. आता प्रत्येक ओळीपुढे पूर्ण पत्ता दिसेल. स्क्रिप्ट होस्टच्या पत्त्यात पुढे टेम्प किंवा अ‍ॅपडेटा फोल्डरमधली, काहीतरी अगम्य अक्षरांच्या नावाची, शेवटी डॉट व्हीबीएस किंवा जेएस असलेली फाइल दिसली तर ती बिनकामाची नाही, घातक आहे. आधी डिसेबल करा, मग विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि तिथे डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडा. पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. चालू विंडोजमध्ये असले व्हायरस लपतात म्हणून ऑफलाइन म्हणतोय. तुमच्या पीसीवर लोकांची आधार कार्डं, मार्कशीटं, बँकेची पासबुकं स्कॅन होतात, त्यामुळे हे आजच करा, रात्रीवर ढकलू नका. स्कॅन झाल्यावर तुमचे स्वतःचे पेनड्राइव्हही तपासा नाहीतर परत येईल.

प्रोग्राम नावाची कोरी ओळ बहुतेक निरुपद्रवी असते. होतं असं की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सगळी सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतं तिथे, पत्ता लिहिताना तो अवतरण चिन्हात टाकायचा राहिलेला असतो, प्रोग्राम फाइल्स या फोल्डरच्या नावात मध्ये स्पेस आहे, मग विंडोज स्पेसपर्यंतच वाचतं आणि फाइल सापडली नाही तर पहिला शब्दच नाव म्हणून दाखवतं. बऱ्याचदा मूळ सॉफ्टवेअर काढून टाकलेलं असतं आणि हा पत्ता मागे उरलेला असतो. कमांड लाइन कॉलममध्ये कोणाचा उरलाय ते कळेल, डिसेबल करून टाका.

आता ड्रायव्हरवाला. टास्क मॅनेजरची यादी पूर्ण नसते, हे फार लोकांना माहीत नाही. तिथे रजिस्ट्रीतल्या रन नावाच्या जागा आणि स्टार्टअप फोल्डर एवढंच मुख्यतः येतं. पण प्रोग्राम अजून दोन वाटांनी चालू होऊ शकतो, एक टास्क शेड्यूलर आणि दुसरी सर्व्हिस. असले पैसे मागणारे प्रोग्राम मुद्दाम दोन-तीन ठिकाणी नोंद करून ठेवतात, एक दार बंद केलं की दुसऱ्याने येतात. स्टार्टमध्ये टास्क शेड्यूलर टाइप करा, उघडा, डावीकडे टास्क शेड्यूलर लायब्ररीवर क्लिक करा. मधल्या यादीत त्या प्रोग्रामच्या नावाची ओळ असेल आणि ट्रिगर्समध्ये अ‍ॅट लॉग ऑन असं काहीतरी लिहिलेलं असेल. राइट क्लिक, डिसेबल. आतल्या मायक्रोसॉफ्ट फोल्डरमध्ये मात्र शिरू नका, ती विंडोजची स्वतःची कामं आहेत.

पण खरं सांगू का, याला डिसेबल करत बसू नका, काढूनच टाका. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, नाव शोधा, अनइन्स्टॉल. काढताना तो विचारेल नक्की काढायचं का, सवलत देऊ का, नुसतं स्कॅन तरी करा, मोठं रंगीत बटण राहा म्हणणारं असेल आणि काढायचं बटण बारीक करड्या अक्षरात असेल, ते नीट वाचून दाबा. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येतात किंवा पीसी बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्यायचे, मधल्या कोणाची गरज नाही.

आणि हे सगळं एका जागी बघायचं असेल तर ऑटोरन्स वापरा. सिसइंटर्नल्सचं आहे, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल या दोघांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून फुकट मिळतं, दुसरीकडून उतरवू नका. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. उघडल्यावर शेकडो ओळी दिसतात, दचकू नका, ऑप्शन्समध्ये हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज टिक केलं की यादी आटोपशीर होते. फक्त त्या स्क्रिप्ट होस्टचा शोध घेताना ही टिक काढून बघा. पिवळ्या ओळी म्हणजे फाइलच जागेवर नाही, गुलाबी म्हणजे कंपनीची सही नाही किंवा जुळत नाही. गुलाबी म्हणजे व्हायरसच असं नाही, आपल्याकडच्या कितीतरी साध्या चांगल्या सॉफ्टवेअरला सही नसते. आणि ओळ डिलीट करू नका, फक्त टिक काढा, म्हणजे चुकीचं बंद झालं तर टिक परत लावता येते.

---

हिशेब_ताई:

मी अकाउंट्सचं काम करते, रिटर्न भरण्याचा सीझन आला की आमच्याही ऑफिसात हेच, म्हणून दोन गोष्टी जोडते.

एक, डीएससी टोकन म्हणजे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याचा टोकन मॅनेजर स्टार्टअपमध्ये दिसेल, तो सरसकट बंद करू नका. बंद केल्यावर काही टोकनची सही ब्राउझरमध्ये दिसेनाशी होते आणि मग शेवटच्या तारखेला शोधत बसावं लागतं. टोकन लावून एकदा तपासा, सही दिसली तर बंद राहू द्या. जीएसटी पोर्टलवर सही करायला लागणारं एमसायनर मात्र काम असेल तेव्हाच हाताने चालू करता येतं, त्याला रोज सकाळी उठवायची गरज नाही.

दुसरं वनड्राइव्ह. बरेच जण यादी दिसली की पहिलं तेच डिसेबल करतात. तुमचे डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असतील तर ते चालू नसताना बॅकअप थांबलेला असतो आणि कोणी सांगायला येत नाही. फाइली उजव्या बाजूला ढगाच्या किंवा हिरव्या बरोबरच्या खुणेने दिसत असतील तर समजा जोडलेलं आहे. ते नको असेल तर आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमधून नीट अनलिंक करा, फाइली पीसीवर आहेत ना ते बघा, मग स्टार्टअपमधून काढा. लोकांचा डेटा आपल्याकडे असतो, त्यात गंमत नको.

अजून एक, रीस्टार्ट केल्यावर आधीचे प्रोग्राम आपोआप उघडत असतील तर तो स्टार्टअपचा प्रश्न नाही. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन इन ऑप्शन्समध्ये रीस्टार्ट अ‍ॅप्स म्हणून बटण आहे, ते बंद करा.

---

सेवाकेंद्र_सातारा:

स्क्रिप्ट होस्टच्या पुढे खरंच अ‍ॅपडेटाच्या आतल्या रोमिंग फोल्डरमधली डॉट व्हीबीएस फाइल निघाली. ऑफलाइन स्कॅन केला, सापडला आणि काढला, दुकानातले तिन्ही पेनड्राइव्ह पण साफ केले. शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही सांगून आलो कारण पोरं त्याच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून त्याच्याकडे तोच पेनड्राइव्ह घेऊन फिरतात. ड्रायव्हरवाला अनइन्स्टॉल केला, टास्क शेड्यूलरमध्ये त्याच्या दोन ओळी होत्या त्याही गेल्या. कोथरूडवाले दादा, मनापासून आभार.

आता फक्त फिंगरप्रिंट मशीन राहिलं. त्याचं स्टार्टअपच्या यादीत काहीच दिसत नाही, मग ते चालू कुठून होतं? आणि कधी कधी सकाळी पहिल्यांदा डिव्हाइस नॉट रेडी म्हणतं, ते कशाने?

---

रात्रपाळी_सपोर्ट:

ते सर्व्हिस म्हणून चालतं, म्हणून त्या यादीत नाही. आधारसाठी जी मशीनं चालतात त्यांना आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस लागते, ती पीसीवर मागे बसून राहते आणि ब्राउझरमधलं पान तिला पीसीच्या आतच १११०० ते १११२० या पोर्टांवर शोधतं. सर्व्हिस अजून उठलेली नसेल किंवा मशीन यूएसबीला नीट लागलेलं नसेल तर पानाला काही सापडत नाही. तुमची डिस्क सकाळी बिझी असायची त्यामुळे सर्व्हिसही उशिरा उठत असणार, आता साफसफाई झाल्यावर हे बरंच कमी व्हायला हवं. पण तिला मशीनच्या कंपनीच्या सर्व्हरकडून मशीनची खात्रीही करून घ्यावी लागते, म्हणून नेट आलेलं नसेल तरी नॉट रेडी म्हणेल. राउटर आणि पीसी एकाच बोर्डावरून एकदम चालू करत असाल तर राउटर आधी चालू करत जा.

स्टार्टमध्ये सर्व्हिसेस टाइप करून उघडा, तुमच्या मशीनच्या कंपनीच्या नावाची आरडी सर्व्हिस शोधा, डबल क्लिक. स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक असायला हवा. ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट असेल तर ती विंडोज चालू झाल्यावर साधारण २ मिनिटं थांबून उठते, तुम्हाला सकाळी पहिलंच काम आधारचं असेल तर साधं ऑटोमॅटिक करा. मग रिकव्हरी टॅबवर जा आणि पहिल्या, दुसऱ्या फेल्युअरला रीस्टार्ट द सर्व्हिस निवडून अप्लाय करा, म्हणजे मध्येच पडली तर स्वतःच परत उठेल. बाकीच्या सर्व्हिसला हात लावू नका. आणि ऑटोरन्समध्ये ही सर्व्हिस गुलाबी दिसली तरी टिक काढू नका.